दुव्यांची पत

शोधयंत्रात एखादा शब्द टाकला की क्षणार्धात लाखो पानांची यादी समोर येते. मुले त्यातले पहिले पान उघडतात, फार तर दुसरे, आणि दिसेल ते वहीत उतरवून घेतात. 'हे खरे कशावरून?' असे विचारले तर उत्तर मिळते, 'पहिलंच आलं होतं, सर.' जे पहिले आले ते बरोबर असणारच, ही समजूत काही मुलांपुरती मर्यादित नाही. तापावरचे औषध शोधणारे पालकही याच समजुतीवर चालतात. तेव्हा हा पहिला क्रमांक कशाच्या आधारावर दिला जातो, हे आपण एकदा नीट पाहायला हवे. त्यामागचे गणित दहावीच्या मुलांना पेलेल इतके सोपे आहे.

नव्वदच्या दशकातील शोधयंत्रे मुख्यतः शब्द मोजत. 'मलेरिया' हा शब्द शोधला, तर तो ज्या पानावर अधिक वेळा, शीर्षकात किंवा सुरुवातीला आला असेल ते पान वर. ही रीत वरवर पाहता ठीक वाटते, पण तिला फसवणे फारच सोपे होते. पानाच्या तळाशी एकच शब्द पाचशे वेळा लिहायचा, तोही पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत. वाचणाऱ्याला काही दिसत नाही, यंत्राला मात्र सगळे दिसते. या यंत्रांची अवस्था किती बिकट होती याचा एक मासला १९९८ सालच्या एका शोधनिबंधात नोंदलेला आहे. नोव्हेंबर १९९७मध्ये आघाडीच्या चार व्यापारी शोधयंत्रांत त्यांचेच नाव शोधले, तेव्हा स्वतःचे पान पहिल्या दहांत दाखवू शकणारे यंत्र एकच निघाले!

हा निबंध लिहिणारे दोघे म्हणजे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज. त्यांनी प्रश्नच बदलला. पान स्वतःविषयी काय सांगते हे पाहण्यापेक्षा इतर पाने त्याच्याविषयी काय सांगतात, हे पाहिले तर? इंटरनेटवरच्या पानांत ठिकठिकाणी दुवे असतात. त्यांवर टिचकी मारली की आपण दुसऱ्या पानावर जातो. दुवा कोणीतरी मुद्दाम दिलेला असतो. 'अधिक माहिती तिथे पाहा' अशी ती एक शिफारसच.

ही कल्पना अगदी कोरी नव्हती. शास्त्रज्ञ आपल्या निबंधाच्या शेवटी आधीच्या निबंधांचे संदर्भ देतात. कोणत्या निबंधाचा उल्लेख किती जणांनी केला याची पद्धतशीर सूची करावी, असे युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात सुचवले आणि पुढे ती तयारही केली. १९७६ साली पिन्स्की आणि नारिन यांनी त्यात एक पायरी वाढवली. त्यांचे म्हणणे असे, की सगळे उल्लेख सारखे मोजू नयेत. वजनदार नियतकालिकाने केलेल्या उल्लेखाचे वजनही जास्त धरावे. ब्रिन आणि पेज यांनी हाच विचार इंटरनेटला लावला.

नुसते दुवे मोजले असते तर काय बिघडले असते? ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका माणसाला एक मत असते, कारण माणसे एका रात्रीत निर्माण करता येत नाहीत. पाने करता येतात. एकटा मनुष्य दहा हजार पाने तयार करून ती सगळी आपल्या दुकानाकडे वळवू शकतो. मग मत कोणाचे, हे पाहणे आले. शिफारसपत्राबाबत आपण हेच करतो. मागेल त्याला पत्र देणाऱ्या गृहस्थांचे पत्र आपण फारसे वाचतही नाही. ज्यांनी उभ्या आयुष्यात दोनच पत्रे दिली, आणि ज्यांना स्वतःला चार जाणती माणसे मानतात, त्यांचे पत्र मात्र आपण दोनदा वाचतो. म्हणजे दोन गोष्टी पाहायच्या: शिफारस करणाऱ्याची स्वतःची पत किती, आणि ती त्याने किती जणांत वाटली.

आता वर्गात एक खेळ करू. चार मुलांना अ, ब, क, ड अशी नावे द्या. ही आपली चार पाने. अ ने ब आणि क ला दुवा दिला आहे. ब ने फक्त क ला, क ने फक्त अ ला, आणि ड ने फक्त क ला. ड ला कोणीच दुवा दिलेला नाही. प्रत्येकाला ४० चिंचोके द्या. शिट्टी वाजली की प्रत्येकाने हातातले सगळे चिंचोके आपण दुवा दिलेल्यांना समान वाटून द्यायचे. सर्वांनी एकाच वेळी द्यायचे, हे महत्त्वाचे.

पहिल्या फेरीनंतर अ जवळ ४०, ब जवळ २०, क जवळ १०० आणि ड जवळ शून्य चिंचोके असतील. दुसऱ्या फेरीनंतर अ १००, ब २०, क ४०. तिसरीनंतर ४०, ५०, ७०. मग ७०, २०, ७०. मग ७०, ३५, ५५. मग ५५, ३५, ७०. (सातव्या फेरीत चिंचोका फोडावा लागतो, तेव्हा तिथून पुढे फळ्यावर मांडावे.) आठव्या फेरीनंतर ६२.५, ३५, ६२.५ असे आकडे येतात. सुरुवातीला जोरात वरखाली होणारे आकडे हळूहळू निवळत जातात. ते कुठे स्थिरावतील? मुलांनाच काढू द्या. स्थिर स्थितीत अ ला जे मिळते ते सगळे क कडून, म्हणून अ = क. ब ला अ चे निम्मे, म्हणून ब = अ ÷ २. आणि तिघांची बेरीज १६०. समीकरणे सोडवली की अ ६४, ब ३२ आणि क ६४.

या उत्तराकडे जरा थांबून पाहायला हवे. अ ला दुवा एकच आहे आणि ब लाही एकच, तरी अ ची पत ब च्या दुप्पट. कारण अ ला दुवा देणारा क वजनदार आहे आणि त्याने आपले सगळे वजन एकालाच दिले. उलट क ला तीन दुवे असूनही तो अ च्या पुढे गेलेला नाही. ड चा दुवा तर त्याच्या काहीच उपयोगी पडला नाही, कारण ड ची स्वतःचीच पत शून्य. दुव्यांची संख्या आणि दुव्यांचे वजन या वेगळ्या गोष्टी आहेत, हे चार पानांतही दिसते.

चौकस मुले इथे अडवतील. वजनदार कोण, तर ज्याला वजनदारांनी दुवा दिला तो. मग ते वजनदार कशावरून? हे तर आधी कोंबडी की आधी अंडे असे झाले! शंका रास्त आहे. गंमत ही, की सुरुवातीला वाटणी कशीही केली, सगळे चिंचोके एकट्या ड ला दिले, तरी काही फेऱ्यांनंतर आकडे त्याच ६४, ३२, ६४ कडे जातात. करून पाहा. आरंभ कुठून केला हे जाळे विसरून जाते. उरते ती फक्त दुव्यांची रचना.

पण या खेळात एक भोक आहे. समजा इ आणि फ अशी आणखी दोन पाने आली. ती फक्त एकमेकांना दुवा देतात. उंटाने गाढवाच्या गाण्याची आणि गाढवाने उंटाच्या रूपाची स्तुती करावी तशी. आता क ने एक दुवा इ लाही दिला. दर फेरीला क चे निम्मे चिंचोके तिकडे जातील आणि परत एकही येणार नाही. काही वेळाने सगळी संपत्ती इ आणि फ यांच्या खिशात. म्हणून नियमात एक कलम घालावे लागते. प्रत्येकाने दर फेरीला आपले १५ टक्के चिंचोके एका सामाईक डब्यात टाकायचे, डब्यातले सर्वांना सारखे वाटायचे, आणि उरलेले ८५ टक्के दुव्यांवरून द्यायचे. एखादा वाचक दुव्यांवरून भटकता भटकता कंटाळतो आणि एकदम कुठल्यातरी तिसऱ्याच पानावर उडी मारतो, असे समजा. असा वाचक ज्या पानावर जितका अधिक वेळ सापडेल तितकी त्या पानाची पत. आपल्या मूळ चार पानांना हे कलम लावले तर क सुमारे ६३, अ सुमारे ६०, ब ३१ आणि ड ६ असे आकडे येतात. ड च्या हाती आता थोडे तरी आले, त्यामुळे त्याच्या शिफारशीलाही किंमत आली, आणि क थोडासा पुढे सरकला.

लॅरी पेज यांच्या आडनावावरून या पद्धतीला 'पेजरँक' हे नाव मिळाले. सुमारे ३२ कोटी २० लाख दुव्यांच्या जाळ्यात आकडे स्थिर व्हायला ५२ च्या आसपास फेऱ्या पुरल्या, असे त्यांनी नोंदवले आहे. निम्म्या जाळ्याला ४५ लागल्या होत्या. जाळे दुप्पट झाले तरी फेऱ्या सातच वाढल्या, म्हणूनच ही गोष्ट व्यवहारात उतरू शकली. १९९८ साली त्यांची गूगल कंपनी उभी राहिली.

दुव्याचा आणखी एक उपयोग त्यांनी केला. दुवा ज्या शब्दांवर दिलेला असतो ते शब्दही यंत्र वाचते आणि समोरच्या पानाच्या खाती टाकते. पान स्वतःचे वर्णन करत नसेल, तर इतरांनी केलेले वर्णन कामी येते. यातूनच २००३ साली एक प्रकार घडला. अनेकांनी ठरवून 'दयनीय अपयश' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या सरकारी परिचयाच्या पानाला दुवे दिले. त्या पानावर हे शब्द नव्हतेच, तरी ते शब्द शोधले की पहिले पान तेच येई. २००७च्या जानेवारीत गूगलने गणितात बदल करून ही वाट बुजवली.

ही झाली थट्टा. पैशाचा प्रकार अधिक गंभीर आहे. शिफारशीला मोल येते आहे असे दिसले की शिफारशीचा बाजार भरतो. पानाची पत शून्य ते दहा अशा आकड्यात गूगल काही वर्षे सर्वांना दाखवत असे. आमच्या मते ही मोठीच चूक होती, कारण त्यामुळे दुव्यांना जणू भावफलकच मिळाला. शेवटी २०१६ साली तो आकडा लोकांना दाखवणे बंद झाले. दरम्यान एकमेकांना दुवे देण्यापुरतीच उभी केलेली हजारो पाने निघाली. फेब्रुवारी २०११मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानसाखळीचे प्रकरण उजेडात आणले. कपडे, अंथरुणे, सतरंज्या असे काहीही शोधले की ती पहिली येत होती, आणि तिच्याकडे येणारे हजारो दुवे कपड्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या संकेतस्थळांवर पेरलेले होते. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे कंपनीने सांगितले. गूगलने कारवाई केली आणि काही शब्दांसाठी ही साखळी साठाव्या क्रमांकाच्याही खाली गेली. एप्रिल २०१२मध्ये अशा बनावट दुव्यांना हुडकणारा मोठा बदल गूगलने केला. त्याआधीच, २००५ साली, 'या दुव्याला शिफारस समजू नये' अशी खूण दुव्यातच लिहिण्याची सोय शोधयंत्रांनी मिळून केली होती. विकिपीडियावरून बाहेर जाणाऱ्या दुव्यांवर ही खूण असते. तेव्हा तिथे आपला दुवा घुसडून पत वाढवू पाहणाऱ्यांचे श्रम बहुधा वायाच जातात.

आपल्या खेळातल्या ड कडे पुन्हा वळू. त्याला कोणी विचारत नाही, पण त्याने बोट दाखवले ते नेमके क कडे. ग्रंथपालासारखा तो. स्वतः पुस्तके लिहीत नाही, पण कोणते पुस्तक चांगले हे त्याला ठाऊक असते. जॉन क्लाइनबर्ग या संगणकशास्त्रज्ञाने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रत्येक पानाला दोन वेगवेगळे गुण दिले: एक माहितीसाठी, एक वाट दाखवण्यासाठी. चांगल्या माहितीकडे नेतो तो चांगला वाटाड्या, आणि चांगले वाटाडे जिकडे नेतात ती चांगली माहिती. आम्हाला ही मांडणी पेजरँकपेक्षा अधिक न्याय्य वाटते, विशेषतः शिक्षकांच्या दृष्टीने.

आजची शोधयंत्रे दुव्यांखेरीज इतर अनेक गोष्टी पाहतात: शोधणारा कुठे आहे, पान किती ताजे आहे, शब्दांमागचा अर्थ काय. दुव्यांचे वजन पूर्वीइतके राहिलेले नाही, असे गूगलच्या लोकांनीच जाहीरपणे सांगितले आहे. अलीकडे तर यादीच्या वर यंत्राने स्वतः रचलेले उत्तरही दिसते. पण एक गोष्ट गणितातच आहे. पेजरँक मोजते ती लोकमान्यता. मजकूर तपासण्याची पायरी त्यात कुठेच नाही. हजारो लोक एखाद्या भाकड उपचाराकडे बोट दाखवत असतील, तर चिंचोके तिकडेच जातील.

मराठीत तर वेगळीच अडचण होती. कित्येक वर्षे आपली संकेतस्थळे निरनिराळ्या खासगी फाँटमध्ये असत. डोळ्यांना मराठी दिसे, यंत्राला मात्र रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ. युनिकोड रुळल्यावर हे बरेच सुधारले, तरी छायाचित्रासारखी छापील पाने चढवण्याची सवय अजून गेलेली नाही, आणि मराठी पाने एकमेकांना दुवे फार कमी देतात. चिंचोके फिरतच नाहीत. शाळेच्या संकेतस्थळावर विज्ञान मंडळाचे पान असेल, तर मुलांनी वाचून, पडताळून निवडलेल्या मराठी लेखांची यादी तिथे देता येईल. मात्र दुवा 'इथे टिचकी मारा' या शब्दांवर देऊ नये. त्यातून यंत्राला काहीच कळत नाही. 'मधमाश्या एकमेकींना फुलांची दिशा कशी सांगतात' या शब्दांवर द्यावा.