मुलाला पायलट करायचे आहे? आधी हिशेब मांडा

भोसरीत लेथवर काम करून स्वतःचा गाळा उभा केलेले आमचे एक स्नेही मध्यंतरी दुकानी आले. कापड घ्यायला नव्हे, सल्ला घ्यायला. म्हणाले, "शेठ, पोरगा पायलट व्हायचं म्हणतो. गाळा विकून टाकू का?" आम्ही कापडाचे व्यापारी, विमानाशी आमचा संबंध तिकिटापुरता. पण एका कारागिराच्या आयुष्यभराच्या कमाईचा प्रश्न होता. म्हणून माहिती काढली आणि मुलाला घेऊन बारामतीलाही जाऊन आलो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात विमान शिकण्याची सोय नाही. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. चाकणच्या विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षे झाली, पण २०१६ साली तो बेत पुरंदरकडे गेला. आपल्याला जवळची जागा म्हणजे बारामती. त्यापलीकडे धुळे आणि गोंदिया. हे शिक्षण आपल्या राज्याला नवे नाही. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ सालचा आहे, आणि जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातला पहिला परवाना मिळवला.

परवान्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिला शिकाऊ परवाना. त्यासाठी वय १६ आणि दहावी पास पाहिजे. दुसरा खाजगी परवाना, वय १७ आणि किमान ४० तासांचे उड्डाण. हा हौसेपुरता, याच्यावर पगार घेता येत नाही. तिसरा व्यावसायिक परवाना, वय १८ आणि २०० तास. त्यांपैकी १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन उडवायचे असतात. शिवाय नियमावली, हवामान, दिशाशोधन आणि यंत्रज्ञान यांचे पेपर असतात, त्यांत शंभरापैकी ७० गुण लागतात. बारावीला भौतिकशास्त्र व गणित असावे, अशी अट चालत आली आहे. ती सैल करण्याची चर्चा २०२५ साली झाली, तेव्हा कॉमर्सच्या मुलांनी ताजा नियम पाहूनच पाऊल टाकावे.

शिकवतात काय? दोन किंवा चार आसनांच्या सेसना विमानात उस्ताद आणि शागिर्द शेजारी शेजारी बसतात. दोघांपुढे सारखीच साधने असतात. दांडा ओढला की नाक वर, ढकलला की खाली. डावी-उजवीकडे फिरवला की पंख कलतात. पायाच्या पट्ट्यांनी शेपटीचे सुकाणू वळते. नाक फार वर धरले तर पंखांवरची हवा सुटते आणि विमान खाली बसू लागते. तेव्हा घाबरून आणखी ओढायचे नाही, उलट नाक खाली करायचे. हे हाताला मुरेपर्यंत करून घेतात. मग धावपट्टीभोवती चकरा आणि पुन्हा पुन्हा उतरणे.

उड्डाणाआधीची तपासणी आम्हाला फार आवडली. टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढून पाहतात. पाणी जड असल्याने तळाशी बसते आणि लगेच दिसते. या पेट्रोलला ओळखीसाठी निळा रंग दिलेला असतो. आम्ही थान उलगडून, उजेडात धरून पाहतो, तसेच हे.

एके दिवशी उस्ताद उतरतो आणि शागिर्दाला एकट्याला पाठवतो. शेजारचे वजन कमी झाल्याने विमान नेहमीपेक्षा झटकन वर चढते, आणि कच्चा मुलगा तिथेच गोंधळतो. म्हणून ही गोष्ट आधी सांगून ठेवतात. प्रत्येक उड्डाण वहीत लिहिले जाते. ती वही म्हणजे त्याची खातेवही. खोटी नोंद झाली तर परवाना धोक्यात.

आता पैसा. हे काम दहा-वीस लाखांत उरकत नाही. पावसाळ्यात ढगांमुळे उड्डाणे अडतात, दिवस वाढतात आणि राहण्याजेवण्याचा खर्च चालूच राहतो. आमच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी एका संस्थेत सगळी फी एकरकमी भरली. विमाने दुरुस्तीला पडून राहिली आणि वर्षभरात मुलाच्या वहीत मोजकेच तास जमले. धोकाही लपवू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात प्रशिक्षण विमानांचे चार दिवसांत दोन अपघात झाले. संस्थेत किती विमाने आहेत, त्यांपैकी आज किती उडतात आणि गेल्या वर्षी किती मुलांचे २०० तास पूर्ण झाले, हे विचारायला संकोच करू नये.

आमच्या स्नेह्यांना आम्ही क्रम लावून दिला. आधी वैद्यकीय तपासणी, कारण व्यावसायिक परवान्याला प्रथम वर्गाचे प्रमाणपत्र लागते आणि रंग ओळखण्यात दोष निघाला तर पुढचा सगळा खर्च वाया. मग घरी राहून पेपर. ते उड्डाण सुरू होण्याआधी देता येतात आणि त्यांत मुलाची चिकाटी कळते. त्यानंतर फी हप्त्याने, उडालेल्या तासांप्रमाणे, पक्की पावती घेऊन. परवाना म्हणजे नोकरी नव्हे. विमान कंपन्या मोठ्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण मागतात आणि त्याचा खर्चही निराळा.

मुलाची तपासणी झाली, डोळे उत्तम निघाले. सध्या तो चाकणला कारखान्यात पाळी करून रात्री हवामानाचा पेपर वाचतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "चाचा, दोन पेपर निघाले." गाळा अजून विकलेला नाही. लेथ चालू आहे.