चित्रे आणि त्यांचे प्रवेशमूल्य

२०२३ साली मुंबईच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये व्हिन्सेंट व्हॅन गॉगची चित्रे प्रक्षेपकांद्वारे भिंतींवर व जमिनीवर उमटविण्यात आली. प्रेक्षक जणू चित्राच्या आतच उभा राहिला. मात्र विरारजवळच्या चंदनसारच्या विद्यार्थ्याला तेथे जावयाचे म्हणजे चर्चगेटपर्यंत सुमारे ६० किलोमीटरचा लोकलप्रवास, आणि वर प्रवेशमूल्य.

हे मूल्य नेमके कशाचे? व्हॅन गॉग १८९० साली निवर्तला. आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. अर्थात मोल पडते ते सभागृहाचे, यंत्रांचे आणि नफ्याचे. चित्रांवर आता सर्वांचाच हक्क आहे.

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि देवादिकांची चित्रे सामान्यांच्या भिंतींवर आली. छापील चित्र घरी राहिले. प्रकाशातले चित्र दिवा मालवताच नाहीसे होते. तथापि ते कोणत्याही भिंतीवर पुन्हा उमटू शकते, हा त्याचा मोठाच लाभ होय.

तेव्हा वसई-विरार महानगरपालिकेने एखाद्या शाळेच्या सभागृहात साधा प्रक्षेपक लावून रविवर्मा व व्हॅन गॉग दाखवावेत. तेथे डोळे दिपणार नाहीत, हे खरे. परंतु चित्र पाहण्याची सवय लागेल, आणि तिला तिकीट लागणार नाही.