हात हातात घेताना

सासूबाईंची बायपास झाली आणि तिसऱ्या दिवशी त्यांना आयसीयूतून वॉर्डात आणलं. छातीचं मधलं हाड कापून पुन्हा तारांनी बांधलेलं, पायाची शीर काढली तिथेही टाके. खोकला आला की त्या ओठ आवळून पडून राहायच्या. "आई, खोकू नका, दुखेल," असं आम्हीच सांगायचो. गुलमंडीवरून भेटायला आलेले नातेवाईकही लांबूनच बघून जायचे. हात लावायची भीतीच वाटायची!

संध्याकाळच्या सिस्टर मात्र आमच्यावर रागावल्या. "अहो, खोकायलाच हवं. नाहीतर कफ साचून न्यूमोनिया व्हायचा." त्यांनी आधी दुखण्याची गोळी दिली. मग छातीशी उशी धरायला लावली आणि सलाइन नसलेला हात हातात घेऊन सावकाश चोळत बसल्या. थोड्या वेळाने आई खोकल्या, दीर्घ श्वासही घेतला. सिस्टर मला म्हणाल्या, "उद्यापासून हे तुम्ही करा."

मैत्रिणींनो, खरं सांगते, लग्नाला बावीस वर्षं झाली, पण पाया पडण्यापलीकडे मी त्यांना कधी हात लावला नव्हता.

यात जादू काही नाही. ठेच लागली की आपण अंगठा चोळतोच ना? मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये त्याचं कारण मांडलं. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात, दार अर्धं लोटून घ्यावं तसं. शिवाय हळुवार स्पर्श टिपणारे वेगळे मज्जातंतू त्वचेत असतात. सेकंदाला साधारण तीन सेंटीमीटर, इतक्या संथ गतीने हात फिरवला की ते जागे होतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांना मसाज देऊन पाहिला, तेव्हा त्यांचं दुखणं आणि धास्ती कमी झाल्याचं दिसलं.

मात्र अंगाला हात न लावता 'ऊर्जा' देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. १९९८ मध्ये एमिली रोझा या अकरा वर्षांच्या अमेरिकन मुलीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. असा दावा करणाऱ्या २१ जणांना पडद्याआडून तिचा हात आपल्या कोणत्या हाताजवळ आहे, हेही नीट ओळखता आलं नाही!

तुमच्या घरी असा पेशंट असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हात स्वच्छ धुवा. पेशंटला "चालेल का?" म्हणून विचारा, नको म्हटलं तर थांबा. टाक्यांजवळ जाऊ नका. शीर काढलेला पाय किंवा सुजलेली पोटरी अजिबात चोळू नका. गोळ्या बंद करायच्या नाहीत. छातीत नव्याने दुखलं, दम लागला, ताप आला किंवा टाक्यांतून पाणी आलं तर चोळत बसू नका, ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

आता आईंचे टाके सुकलेत, त्या सोसायटीत फिरायलाही जातात. पण रात्री मालिका संपली की हात माझ्यासमोर येतोच. "अगं, आजचं राहिलं की!"

मलाही त्याची सवय झालीय.