अंतराळयानातील इलेक्ट्रॉनिक भागांचे संदूषण

परिपथ फलक, जोडण्या, प्रतिमासंवेदक इत्यादी भागांवर धूलिकण, क्षार, तेलकट थर किंवा सोल्डरकामातील फ्लक्सचे अवशेष साचणे, यास अंतराळयानातील इलेक्ट्रॉनिक भागांचे संदूषण म्हणतात. उड्डाणानंतर यानापर्यंत हात पोहोचत नाही. म्हणून ते शोधून काढण्याचे काम मुख्यतः जमिनीवरच पूर्ण करावे लागते.

परिणाम
फ्लक्समधील क्षार दमट हवेत ओलावा शोषतात. विद्युतदाब असल्यास तेथे धातूचे फांद्यांसारखे तंतू वाढून शॉर्ट सर्किट होऊ शकते. निर्वातात गोंद, प्लॅस्टिक व रंग यांतून वाफा निघतात आणि थंड पृष्ठभागावर साचतात. प्रतिमासंवेदक मुद्दाम थंड ठेवला जात असल्याने त्याला हा धोका अधिक असतो.

तपासणी
भागांची पाहणी सूक्ष्मदर्शकाखाली व अतिनील दिव्याच्या प्रकाशात करतात. फलक आयसोप्रोपिल अल्कोहोल व शुद्ध पाणी यांच्या मिश्रणात धुवून त्या मिश्रणाची विद्युतवाहकता मोजतात. ती वाढल्यास क्षार उरल्याचे समजते. तेलकट थराची ओळख अवरक्त वर्णपटावरून पटते. वापरावयाचे पदार्थ निर्वातात १२५ अंश सेल्सिअसवर २४ तास तापवतात. प्रचलित निकषानुसार त्यांच्या वजनातील घट १ टक्क्यापेक्षा आणि थंड पट्टीवर साचणारा अंश ०.१ टक्क्यापेक्षा अधिक नसावा.

स्वच्छता
धूळनियंत्रित कक्षात, मनगटाला भूसंपर्क पट्टा बांधून, योग्य द्रावक व तंतू न सोडणारे कापड यांनी भाग पुसतात. ध्वनितीत लहरींनी नाजूक तारजोडण्या तुटू शकतात, म्हणून ती पद्धत जपून वापरतात. त्यानंतर भाग निर्वातात तापवून वाफा काढून टाकतात. संरक्षक लेप सफाईनंतरच देतात. अन्यथा मळ लेपाखाली कायमचा अडकतो.

उदाहरणे
२८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ॲस्ट्रोसॅटवरील अतिनील दुर्बिणीच्या उभारणीत पुण्याच्या आयुका संस्थेचा सहभाग होता. यानातील वाफा निघून जाव्यात म्हणून तिची झाकणे सुमारे दोन महिने बंद ठेवून ३० नोव्हेंबर रोजी निरीक्षण सुरू झाले. आदित्य-एल१ यानावरील, आयुकाच्या नेतृत्वाखाली घडलेली ‘सूट’ दुर्बीण २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीत सूर्य पाहते. या किरणांत पातळ सेंद्रिय थरही प्रकाश शोषतो. शनीकडे जाणाऱ्या कॅसिनी यानाच्या कॅमेऱ्यावर २००१ मध्ये आलेले धुके तो वारंवार तापवून घालवण्यात आले. यान दूर गेल्यावर असा ऊबेचा उपायच बहुधा हाती उरतो.