पोटाच्या ऑपरेशननंतरचे सहा आठवडे

जूनमधल्या एका रविवारी विहारात वंदना संपल्यावर एका ताईने मला बाजूला घेतलं. म्हणाली, "सिस्टर, ५ जुलैला माझं पोटाचं ऑपरेशन ठरलंय. ३१ तारखेला लांडोर बंगल्यावर जाता येईल ना?" धुळ्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते, तेव्हा ते लळिंगच्या या बंगल्यात थांबले होते. दरवर्षी त्या दिवशी खानदेशातून आपली माणसं तिथे जमतात. आमच्या देवपुरातून तर घरंच्या घरं जातात.

मी विचारलं, कसलं ऑपरेशन? तिचा आवाज एकदम खाली आला. "टमी टक. बेंबीजवळ छोटा हर्नियापण आहे, म्हणून घरी हर्नियाचंच सांगितलंय. लोक म्हणतील, हिला या वयात नटायचं सुचलं."

दोन सिझेरियन, लोंबणारं पोट, त्याखालच्या घडीत उन्हाळाभर होणारा ओला गजकर्ण, वाकलं की कंबर धरते. यात नटण्याचं काय आहे? पण माझी काळजी वेगळी होती. अशा ऑपरेशनला 'छोटंसं' म्हटलं की बाईला विश्रांतीही छोटीशीच मिळते. म्हणून त्या दिवशी तिला जे सांगितलं ते इथे सगळ्यांसाठी लिहिते. हर्नियात जाळी बसवलेल्या किंवा पोट उघडून दुसरं काही झालेल्या भगिनींनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी हे ऑपरेशन म्हणजे काय ते समजून घ्या. ओटीपोटाच्या खाली, सिझेरियनच्या जागीच, पण कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत लांब छेद घेतात. तिथून वर बरगड्यांपर्यंत कातडी आणि चरबी स्नायूंपासून सुटी करतात. बाळंतपणात फाकलेले पोटाचे उभे स्नायू मध्यभागी शिवून जवळ आणतात. जास्तीची कातडी कापून टाकतात, उरलेली खाली ओढून शिवतात आणि बेंबीसाठी नवी जागा करतात. पूर्ण भूल द्यावी लागते, दोन-चार तास सहज जातात. वजन कमी करण्याचं हे ऑपरेशन नव्हे. आणि पुढे मूल हवं असेल तर आधी मूल होऊ द्यावं, नाहीतर शिवलेले स्नायू पुन्हा ताणले जातात.

शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती ताण. टाक्यांची आग नसते फारशी, पण पोट कुणीतरी दोरीने आवळून बांधल्यासारखं वाटतं. सरळ उभं राहता येत नाही. आठ-दहा दिवस, काहींना दोन आठवडे, म्हातारीसारखं वाकूनच चालावं लागतं. घाबरू नका आणि जिद्दीने सरळ होऊही नका, टाक्यांवर ओढ बसते. झोपताना पाठीखाली दोन-तीन उशा आणि गुडघ्यांखाली एक उशी घ्यावी. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे, मग हाताच्या जोरावर बसायचं. खोकला किंवा शिंक आली तर उशी पोटाशी घट्ट धरायची. जमिनीवरच्या गादीवर झोपणाऱ्यांनी महिनाभर तरी कुठून तरी खाट आणावी.

वाकून का होईना, चालायचं मात्र पहिल्या दिवसापासून. संध्याकाळपर्यंत चार पावलं, दुसऱ्या दिवशी संडासापर्यंत, मग घरातल्या घरात दर दोन तासांनी. पडून राहिलं की पायाच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्यातली एखादी फुप्फुसात गेली तर जीव जातो. या ऑपरेशनमधला सगळ्यात मोठा धोका हाच आहे. रक्त पातळ राहण्याची इंजेक्शनं लिहून दिली असतील तर एकही चुकवू नका. आपल्याकडच्या बऱ्याच बाया अशा ऑपरेशनला नाशिकला जातात. परत येताना दीडशे किलोमीटरहून जास्त बसावं लागतं. एसटीने येऊ नका. गाडीत तासातासाने थांबून चार पावलं चाला, बसल्या जागी घोटे वर-खाली हलवत राहा.

पोटातून एक किंवा दोन बारीक नळ्या बाहेर काढलेल्या असतात. त्यांच्या टोकाला प्लास्टिकची छोटी बाटली असते. हा ड्रेन. कातडीखाली साचणारं पाणी त्यातून बाहेर येतं. पहिले दोन दिवस ते लालभडक असतं, मग गुलाबी, मग पिवळसर. रोज ठरावीक वेळी ते मोजून वहीत लिहायचं. २४ तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढतात. कुणाची पाचव्या दिवशी निघते, कुणाची दोन आठवड्यांनी. हे काम नवऱ्याने शिकून घ्यावं असं मी वॉर्डात नेहमी सांगायचे, आणि बहुतेक नवरे तोंड फिरवायचे. विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्खूला तथागतांनी आनंदांना सोबत घेऊन अंघोळ घातली. चांगला शुश्रूषा करणारा कोण, तर ज्याला मलमूत्राची किळस येत नाही तो, असं तिथेच सांगितलं आहे. ड्रेनची बाटली त्यापुढे काहीच नाही! त्याच ठिकाणी चांगल्या रुग्णाचीही लक्षणं आहेत. दुखणं वाढलं तर वाढलं, कमी झालं तर कमी झालं, असं तो खरं सांगतो. आपल्या बाया इथे नापास होतात. "बरं आहे" याशिवाय तोंडातून शब्द निघत नाही.

पट्टा साधारण सहा आठवडे लागतो, अंघोळीपुरता काढायचा. अंघोळ कधीपासून ते डॉक्टर सांगतील, तोवर अंग पुसून घ्या. परकराची नाडी नेमकी सुजलेल्या पोटावर आवळली जाते, त्यामुळे या काळात गाऊनच बरा. सासूबाई काही बोलल्या तर माझं नाव सांगा.

आता शेकाबद्दल. बेंबीखालची कातडी कित्येक महिने बधिर असते, काहींना तो बधिरपणा थोडासा कायम राहतो. तिथे गरम पाण्याची पिशवी किंवा शेगडीचा शेक दिला तर कातडी भाजते आणि बाईला कळतही नाही. बाळंतिणीचा शेक वेगळा. इथे शेक नाही, तेल-मालीश नाही, टाक्यांवर हळद नाही.

मशेरीबद्दल मात्र मला कडक बोलावं लागेल. मशेरी, तपकीर, तंबाखू, गुटखा, सगळ्यांत निकोटीन असतं. ते रक्तवाहिन्या आकसवतं. या ऑपरेशनमध्ये कातडी आधीच सुटी केलेली असते, तिला रक्त कमी पडलं तर टाक्यांच्या कडा काळ्या पडतात, कातडी सडते. ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद. डॉक्टरांनी "सिगारेट ओढता का?" असं विचारलं तर बाई प्रामाणिकपणे नाही म्हणते आणि सकाळची मशेरी कुणी विचारतच नाही. तुम्ही होऊन सांगा.

खाण्याचं तर उलटंच चालतं. वरण-भात खाल्ला की पू होतो, अंडं नको, असं सांगून बाईला पेजेवर ठेवतात. जखम भरायला प्रथिनं लागतात. डाळी, अंडी, मासे, चिकन, दूध, शेंगदाणे, आपली कळण्याची भाकरी, सगळं चालतं. दुखण्याच्या गोळ्यांनी शौचाला कडक होते आणि कुंथलं की आतल्या शिवणीवर ताण येतो, म्हणून पाणी भरपूर, पपई, पालेभाजी, लागलंच तर इसबगोल. मधुमेह असेल तर साखर ऑपरेशनच्या आधीच आटोक्यात हवी. रक्त कमी असेल तर तेही आधी भरून घ्या.

चौथ्या-पाचव्या दिवशी बऱ्याच जणींना रडू येतं. पोट सुजलेलं, बेंबी विचित्र दिसते, एवढा खर्च करून काय मिळवलं असं वाटतं. सूज उतरायला तीन महिने लागतात, संध्याकाळी ती जास्तच दिसते. वण पहिले सहा महिने लाल, जाड दिसतो, फिकट व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. म्हणून आरशावर एवढ्यात विश्वास ठेवू नका.

काही गोष्टींना मात्र थांबायचं नाही. १००.४ च्या वर ताप, टाक्यांतून पू किंवा दुर्गंधी, टाक्यांची कड काळी पडणं, एकाच बाजूला पोट अचानक फुगणं, ड्रेनमध्ये ताजं लाल रक्त भराभर येणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एकाच पायाची पोटरी दुखून सुजली, दम लागला, छातीत दुखलं तर रात्र असो की पहाट, १०८ ला फोन करा.

ड्रेन काढल्यावरही पाणी साचू शकतं, पोटात पाण्याची पिशवी हलल्यासारखं वाटतं. मी पाहिलेली एक बाई अकराव्या दिवशी नळाला पाणी आलं म्हणून उठली. आमच्याकडे नळ रोज येत नाही, आला की सगळ्या घराची धावपळ. तिने सात-आठ हंडे भरले. चार दिवसांनी पोट टरारून आलं, सुईने तीन वेळा पाणी काढावं लागलं. सहा आठवडे चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नसतं. १५ लिटरचा भरलेला हंडा हंड्याचं वजन सोडूनही १५ किलोचा होतो. धुण्याची बादली, गॅसची टाकी, कडेवरचं पोर, सगळं त्यात आलं. बसून करायचं काम दोन-तीन आठवड्यांनी, स्कूटी चार ते सहा आठवड्यांनी, शेतातलं किंवा बांधकामावरचं काम डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नाही.

सहा आठवडे कोण देतं बाईला? हा प्रश्न मला वॉर्डात असल्यापासून छळतो, नोकरी सोडून वस्तीत काम करायला लागले तेव्हापासून तर जास्तच. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यातल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा खर्च मोठ्या प्रमाणात सरकारने सोसावा, अशी त्यांची मांडणी होती. बाईची विश्रांती त्यांनी घराच्या मर्जीवर सोडली नाही. आणि आज त्यांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरात बाई ऑपरेशन लपवते, कारण खरं सांगितलं तर कुणी तिला पडू देणार नाही.

खर्चाचंही बोलायला हवं. निव्वळ सौंदर्यासाठी केलेलं ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसत नाही. हर्निया मात्र बसू शकतो. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने ही योजना ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला रेशनकार्ड आणि आधार दाखवून आधी विचारा. काही ऑपरेशनं फक्त सरकारी दवाखान्यातच मंजूर होतात, तेही विचारा. हर्नियाचा त्रास असेल तर भाऊसाहेब हिरे रुग्णालयात तपासून घ्या आणि मग ठरवा टमी टक हवंच आहे का. टमी टक करायचं ठरलं तर प्लास्टिक सर्जनकडेच करा, भूलतज्ज्ञ कोण आणि रात्री त्रास झाला तर फोन कुणाला, हे पैसे भरण्याआधी लिहून घ्या.

त्या ताईला मी हिशेब करून दाखवला. ५ ते ३१ जुलै म्हणजे जेमतेम पावणेचार आठवडे. पट्टा लावून गाडीत बसून लळिंगपर्यंत जाता येईल, पण गर्दीत उभं राहणं नाही, चढ नाही, पावसात निसरड्यावर चालणं तर नाहीच. ती म्हणाली, खाली गाडीत बसायला मी कशाला येऊ?

पुढच्या रविवारी ती नवऱ्याला घेऊनच विहारात आली. घरी खरं काय ते सांगून झालं होतं. डॉक्टरांकडून ऑगस्टची तारीख घेतली आहे, मशेरी बंद करून आठ दिवस झालेत, आणि हंडे भरायचं काम धाकट्या दिराकडे दिलंय. नवऱ्याने ड्रेन मोजायला कोणती वही घ्यायची ते विचारलं. मी म्हटलं, मुलांची जुनी चालेल.