पंगतीतील ‘नको’

नागपूरकडे पाहुण्याचा पहिला ‘नको’ नकार म्हणून स्वीकारला जात नाही. तो विनय समजला जातो आणि पुरणपोळीवर तुपाची आणखी एक धार पडते. या आग्रहाचे मूळ पंगतीच्या रचनेत शोधता येते. पान प्रत्येकाचे स्वतंत्र. जेवणाऱ्याचा हात उष्टा, म्हणून तो भांड्याला लागत नाही. साहजिकच प्रमाण वाढणाऱ्याच्या स्वाधीन राहते, आणि ते राखण्यास पाहुण्यापाशी पानावर आडवा धरलेला हात एवढेच साधन उरते.

अल्जीरियन कुटुंबात पुष्कळदा कुसकुसचे एकच थोरले पात्र मध्यभागी असते. (या पदार्थाची परंपरा अल्जीरिया, मोरोक्को, ट्युनिशिया व मॉरिटानिया यांच्या नावे युनेस्कोच्या सूचीत २०२० साली समाविष्ट झाली.) ज्याने त्याने आपल्या समोरच्या भागातूनच घ्यावयाचे; दुसऱ्यापुढे हात घालणे अशिष्ट. म्हणजे प्रमाण तेथे पुष्कळसे खाणाऱ्याच्याच हाती. उजव्या हाताचा दंडक मात्र दोन्हीकडे सारखाच.

मनीषनगरातील सदनिकांत पंगत टेबलावर आली, पत्रावळ गेली, आग्रह टिकला. मधुमेही पाहुण्याची कोंडी होते ती येथे: वाढलेले टाकणे हा अन्नाचा अवमान, खाणे हा देहास अपाय. त्याने वाढप सुरू होण्यापूर्वीच आपले पथ्य सांगावे व अर्धी पोळी आपण होऊन मागून घ्यावी. मग वाढणारी दुसऱ्यांदा येते ती कढी घेऊन.