मोठा कोण? ग्रेग की लान्स?

दोस्तांनो, अमेरिकेचा सर्वांत मोठा सायकलपटू कोण, हा वाद निघाला की पूर्वी लान्स आर्मस्ट्राँगचं नाव हमखास पुढे यायचं. ‘तूर द फ्रान्स’ ही तीन आठवड्यांची शर्यत त्याने १९९९ ते २००५ अशी सलग सात वेळा जिंकली होती ना! पण पठ्ठ्या उत्तेजक द्रव्यं घेत होता. २०१२ मध्ये सातही विजेतेपदं गेली.

आता ग्रेग लेमाँडचं ऐका. १९८६ मध्ये ही शर्यत जिंकणारा तो पहिला अमेरिकन. पुढच्याच वर्षी शिकारीत मेव्हण्याच्या बंदुकीचे छर्रे त्याच्या अंगात घुसले. जीव कसाबसा वाचला. काही छर्रे तर शरीरातच राहिले!

तरी १९८९ मध्ये गडी पुन्हा उतरला. शेवटच्या दिवशी अंतर उरलं साडेचोवीस किलोमीटर आणि फ्रान्सचा फिन्यों ५० सेकंद पुढे. ग्रेगने हँडलला पुढे आलेले दांडे लावले होते. त्यांवर कोपरं टेकून वाकलं, की वारा कमी अडवतो. फिन्यों मात्र उघड्या डोक्याने, पोनीटेल उडवत निघाला. तीन हजारांहून जास्त किलोमीटरच्या शर्यतीत ग्रेग जिंकला, फक्त ८ सेकंदांनी! १९९० मध्येही तोच.

आमचं मत ग्रेगला. पण थांबा, क्रिस्टिन आर्मस्ट्राँग (लान्सची कुणी नव्हे हं!) हिने २००८, २०१२ आणि २०१६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली. मग, तुमचं मत कुणाला?